दुखतंय म्हणून झोप नाही, की झोप नाही म्हणून दुखतंय

मेडिकलच्या काउंटरवर इतकी वर्षं उभं राहून एक गोष्ट माझी पक्की झालीय, दुखण्याची गोळी मागणारा माणूस आणि झोपेची गोळी मागणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. आधी तो कमरेसाठी नाहीतर गुडघ्यासाठी येतो, चार-सहा महिने कधी डायक्लोफेनॅक, कधी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, मध्येच कुणी सांगितलं म्हणून मलम, पट्टा, गरम पाण्याची पिशवी असं सगळं होतं आणि मग एक दिवस बिल देता देता हळूच विचारतो, "ताई, झोप लागंल असं काय मिळंल का, रात्रभर नुसता कूस बदलतोय." झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, त्यातल्या बऱ्याच शेड्यूल एच-वन मध्ये येतात, डॉक्टरचं नाव पेशंटचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं, म्हणून मी नाही म्हणते. पण मला सारखं वाटतं की हा झोपेचा प्रश्न त्याला पहिल्या दिवशीच कुणीतरी विचारायला हवा होता.

मला तो विचारला गेला म्हणून मी आज हे लिहू शकतेय. मान आणि खांद्यापासून सुरू झालं, मग पाठ, मग हात, मग सकाळी उठताना सगळं अंगच ठणकायचं, एक्सरे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, घरचे काळजीने आणि बाहेरचे संशयाने बघायला लागले. शेवटी पुण्याच्या एका संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असून सगळं अंग दुखत राहण्याचा आजार, म्हणून सांगितलं आणि औषध लिहायच्या आधी पेन खाली ठेवून विचारलं, रात्री किती वाजता झोपता, किती वेळा उठता, दिवसा उन्हात किती वेळ असता. मी फार्मसी शिकलेली बाई, मला वाटलं आता नवीन कुठलं तरी मॉलेक्यूल सांगतील. त्यांनी औषध दिलंच, पण जास्त वेळ ते झोप आणि उजेड याच्यावर बोलले. तेव्हापासून या विषयावरचं जे मिळेल ते वाचत गेले, आणि जे स्वतःवर करून बघितलं, जे दुकानात येणाऱ्यांना सांगत राहिले ते सगळं एकदा नीट लिहावं म्हणून हे.

पहिली गोष्ट, तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे वेगळं प्रकरण असतं. ताजी जखम, ताजं मोडलेलं हाड दुखतं तेव्हा ते शरीराचं सांगणं असतं की इकडे लक्ष द्या. पण काही जणांचं दुखणं जखम भरून गेल्यावरही चालूच राहतं, किंवा जखम नसतेच आणि तरी दुखतं, कारण मणका आणि मेंदूतल्या नसा हळव्या होऊन बसलेल्या असतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्राण्यांच्या मज्जारज्जूत दाखवून दिलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नवीन यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, जुनाट दुखण्याला स्वतःची जागा मिळालीय. म्हणजे "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. दुखणं खरं असतं, फक्त ते तयार कुठं होतंय ते एक्सरेत दिसत नाही.

आता झोपेचा याच्याशी संबंध काय. आपल्या मेंदूतून मणक्याकडे खाली येणारी एक वाट असते आणि त्या वाटेने मेंदू वर येणारं दुखणं अडवू शकतो. शेतात दारं धरणारा माणूस कुठल्या सरीत पाणी सोडायचं, कुठली बंद करायची ते बघतो ना, मेंदू दुखण्याच्या बाबतीत तेच काम करतो, आणि रात्रभर जागलेला माणूस दारं धरायला उभा केला तर पाणी कुठंही जाणार. टोरांटोला हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये अगदी धडधाकट माणसांना रात्री गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची असा प्रयोग केला, माणसं पूर्ण जागी होत नव्हती पण गाढ झोप काही मिळत नव्हती, आणि थोड्याच रात्रीत त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की जागोजागी दुखायला लागलं. ज्यांना कसलाच आजार नव्हता त्यांना. नीट झोपू दिल्यावर ते कमी झालं.

याच्याही पुढचं एक आहे आणि ते मला बायकांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला मायकेल स्मिथ आणि त्यांच्या टीमने २००७ मध्ये निरोगी बायकांचे गट केले, एका गटाला उशिरा झोपवून कमी झोप दिली आणि दुसऱ्या गटाला तेवढीच झोप दिली पण रात्रभर सारखं सारखं उठवून. एकूण तास सारखेच. तरी दुखणं अडवायची ताकद कमी झाली ती तुकड्या तुकड्याने झोपलेल्या बायकांची, आणि त्यांचं अंगही आपोआप दुखायला लागलं. आता आपल्याकडच्या बाईची रात्र डोळ्यासमोर आणा. सासूबाईंना बाथरूमला न्यायचं, लहान बाळ असेल तर ते, नवरा सेकंड शिफ्टहून आला की ताट वाढायचं, आणि पेठेत पाणी पहाटे येतं तेव्हा नळाशी जायचं, पिंपं भरायची, परत पडायचं, परत डब्यासाठी उठायचं. बेरीज केली तर सहा-साडेसहा तास भरतात आणि घरचे म्हणतात झोपतेस की चांगली. ती झोप मोजण्यात भरते पण तिच्यात काही राम नसतो.

नॉर्वेत बारा हजारांहून जास्त बायकांना दहा वर्षं पाहत राहिले, सुरुवातीला त्यातल्या कुणालाही फायब्रोमायल्जिया नव्हता. ज्या बायका नेहमी नीट झोप लागत नाही म्हणत होत्या त्यांच्यात पुढं हा आजार होण्याचं प्रमाण झोपेची तक्रार नसलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांत तर आणखी जास्त. २०१२ ला हा पेपर आला. म्हणजे झोप आधी बिघडली, दुखणं नंतर आलं. दुखण्यामुळे झोप मोडते हे तर खरंच आहे, मी रोज अनुभवलंय, पण दोन्ही बाजूंचा हिशोब केला तर झोपेचा दुखण्यावरचा परिणाम जास्त भारी पडतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि म्हणूनच मी म्हणते की सुरुवात झोपेपासून करा. दुखणं आधी थांबेल मग झोपेन, असं म्हणून वाट बघत बसलं तर वर्षं जातात.

आता उजेड. कोवळं ऊन घ्या हे आपल्याकडं आजी पण सांगते, डॉक्टर पण सांगतात, आणि विचारलं का तर सगळे म्हणतात व्हिटॅमिन डी. खरं म्हणजे सकाळी सात-साडेसातच्या उन्हात व्हिटॅमिन डी बनवणारे किरण अगदीच कमी असतात, त्याच्यासाठी ऊन बरंच वर यावं लागतं, आणि खिडकीच्या काचेतून तर ते किरण येतच नाहीत. तरी आजी बरोबरच सांगते, कारण सकाळच्या उजेडाचं मोठं काम कातडीतून होत नाही, डोळ्यातून होतं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये या पेशी दाखवल्या, त्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते आकाशाच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त जागं होतं. याच्या आधी १९९५ ला असं पण दिसलं होतं की पूर्ण आंधळ्या असलेल्या काही माणसांच्या डोळ्यावर उजेड टाकला तरी त्यांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, खाली येतं. काहीच दिसत नाही पण शरीराला कळतं की दिवस उजाडला.

या घड्याळाला सकाळी भरपूर उजेड मिळाला की ते वेळेवर लागतं आणि रात्री मेलाटोनिन वेळेवर चढायला लागतं. आता भरपूर म्हणजे किती, तर उजेड लक्समध्ये मोजतात, आपल्या घरात ट्यूबलाईट लावलेल्या खोलीत साधारण शंभर ते तीनशे लक्स असतो, बाहेर स्वच्छ दिवसा सावलीत उभं राहिलं तरी दहा हजाराच्या आसपास जातो आणि भर उन्हात लाखापर्यंत. आपल्या डोळ्याला दोन्ही "उजेड" वाटतात पण घड्याळाच्या दृष्टीने घरातला दिवस हा जवळजवळ अंधारच. साताऱ्यातल्या जुन्या पेठांतली घरं तुम्हाला माहितीयत, बोळाच्या दोन्ही बाजूला भिंती, पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि त्याला एवढीशी खिडकी, भर दुपारी पण दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. अशा घरात दिवसभर राहणाऱ्या बाईला आठवडेच्या आठवडे खरा उजेड मिळत नाही. माझं दुकान पण तसंच, वर शेड, समोर बिल्डिंग.

मग पावसाळा. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं सूर्य म्हणजे पाहुणा, यवतेश्वर, अजिंक्यतारा सगळं ढगात, आणि याच दिवसांत दुकानात दुखण्याची औषधं सगळ्यात जास्त जातात. लोक म्हणतात गारठ्याने दुखतंय, असेलही, पण मला वाटतं माणसं बाहेरच पडत नाहीत हे पण त्यातलं मोठं कारण आहे. ढगाळ असलं तरी बाहेर काही हजार लक्स असतोच, घरापेक्षा दहा-वीस पट. म्हणून पावसाळ्यात मी सगळ्यांना सांगते की ऊन नाही म्हणून सोडू नका, छत्री घेऊन अर्धा तास फिरा, नाहीतर गच्चीच्या पत्र्याखाली, गॅलरीत चहा घेऊन आकाशाकडं तोंड करून बसा, फक्त बाहेर बसा. ढगाच्या दिवशी वेळ जरा जास्त द्यायचा एवढंच.

उजेडाचा दुखण्याशी सरळ संबंध दाखवणारा माझा सगळ्यात आवडता अभ्यास पिट्सबर्गच्या हॉस्पिटलमधला आहे, २००५ चा. मणक्याचं ऑपरेशन झालेले ८९ पेशंट, त्यातले काही वॉर्डाच्या उजेडाच्या बाजूला आणि काही शेजारच्या बिल्डिंगमुळे अंधाऱ्या झालेल्या बाजूला. उजेडाच्या बाजूच्यांना ४६ टक्के जास्त सूर्यप्रकाश मिळाला आणि त्यांनी तासाला २२ टक्के कमी वेदनाशामक औषध घेतलं. मी औषध विकते, मला माहितीय बावीस टक्के म्हणजे किती पत्ते होतात. तेव्हापासून कुणाचं ऑपरेशन झालं की मी नातेवाईकांना आवर्जून सांगते, खिडकीजवळची कॉट मागा, आणि घरी आणल्यावर पेशंटला आतल्या खोलीत ठेवू नका.

अमेरिकेतच हेलन बर्जेस यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या माजी सैनिकांना रोज सकाळी तासभर घरीच तेजस्वी दिव्यापुढं बसवलं, जेमतेम दोन आठवडे, आणि त्यांचं दुखणंही कमी झालं, झोपही सुधारली. अभ्यास छोटा होता, दुसरा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर फार मोठे दावे करू नयेत. पण आमचा जिल्हा फौजींचा आहे, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, रिटायर होऊन आलेले कितीतरी काका कंबर धरून दुकानात येतात आणि त्यांना दिवा विकत घ्यायची पण गरज नाही, दारासमोर ऊन फुकट पडलंय. एक सुभेदार काका तर मला म्हणाले, "पोरी, नोकरीत पहाटे पीटी असायची तवा कंबर कधी दुखली न्हाय, आता टीव्हीपुढं बसून दुखती." पीटीतल्या व्यायामाचा वाटा त्यात आहेच, पण उजेडाचा पण आहे हे त्यांना सांगितल्यावर ते साताऱ्यातल्या चारभिंतीच्या टेकडीवर सकाळी जायला लागले. तिथं सकाळी चालणारे बरेच असतात, गप्पा होतात, एकटं वाटत नाही.

एक इशारा इथंच देते. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, कुणीही कितीही सांगू दे, डोळ्याचा पडदा जळतो आणि तो परत येत नाही. आकाश डोळ्यात यायला पाहिजे, सूर्य नाही. ज्यांना पडद्याचा आजार आहे त्यांनी तेजस्वी दिव्याच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारावं, आणि ज्यांना बायपोलरचा त्रास आहे त्यांनी मानसोपचार डॉक्टरांना, कारण जोरदार उजेडाने आणि कमी झोपेने त्यांचं बिघडू शकतं. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यातली भिंग पिवळट झालेली असते त्यामुळे तो निळसर उजेड आत कमी पोचतो, त्यांना बाहेर जास्त वेळ बसवा, आणि मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन पुढं पुढं ढकलू नका.

हिरव्या उजेडाचं मला खूप जण विचारतात, मोबाईलवर व्हिडिओ बघून. ॲरिझोना विद्यापीठात मोहाब इब्राहिम आणि राजेश खन्ना यांनी उंदरांना हिरव्या एलईडीत ठेवल्यावर त्यांचं दुखणं कमी झालं, आणि त्यांच्या डोळ्यावर उजेड न जाणारी लेन्स बसवली तर तो फायदा गेला, म्हणजे इथं पण काम डोळ्यातूनच. मग मायग्रेनच्या २९ पेशंटना दहा आठवडे रोज एक-दोन तास मंद हिरवा उजेड दिला आणि त्यांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याहून खाली आले. ऐकायला छान आहे, मला पण उत्सुकता आहे, पण माणसं थोडीच आहेत, आणि गणपतीच्या डेकोरेशनचा हिरवा बल्ब लावला म्हणजे ते झालं असं नाही. ऑनलाईन महागडे हिरवे दिवे विकायला लागलेत, त्यावर पैसे घालायच्या आधी सकाळचं ऊन महिनाभर घेऊन बघा असंच मी सांगते.

दिवसा उजेड वाढवायचा तसा रात्री कमी करायचा, आणि हे मला दिवसाच्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. दुकान रात्री दहाला बंद व्हायचं, डोक्यावर चार पांढऱ्या एलईडी ट्यूब, मग घरी येऊन अकराला जेवण, किचनमध्ये परत पांढरी ट्यूब. २०११ च्या एका अभ्यासात शंभरावर माणसांना झोपायच्या आधी साध्या खोलीच्या उजेडात, दोनशे लक्सच्याही आत, बसवलं होतं, तर अगदी मंद उजेडात बसण्याच्या तुलनेत त्यांच्या अंगात रात्री मेलाटोनिन राहण्याचा वेळ साधारण दीड तासाने कमी झाला. मोबाईलला सगळे शिव्या देतात पण छतावरच्या ट्यूबचं कुणी नाव काढत नाही. आम्ही दोघांनी मग दुकानाच्या वेळा वाटून घेतल्या, सकाळी मी उघडते कारण मला चालत जाताना उजेड मिळतो, रात्रीचं ह्यांच्याकडं. आठनंतर घरात ट्यूब बंद, एक पिवळा बल्ब खाली टेबलावर, पॅसेजमध्ये झिरोचा दिवा. सुरुवातीला मुलगा म्हणायचा लोडशेडिंग आहे का. पण जेवण आठला, उजेड मंद, आणि दुपारी चारनंतर चहा नाही, या तीन गोष्टींनी माझी रात्र बदलली. चहाचं सोडवत नव्हतं, पण चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी पण निम्मं अंगात असतं, सात वाजताच्या चहाचा निम्मा हिस्सा बाराला पण जागाच ठेवतो.

आता झोप लावायची कशी. झोपेच्या गोळीच्या आधी ज्या उपचाराला पहिला मान आहे त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायचा गोळीशिवायचा उपचार, अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय हाच असं सांगितलंय. त्यात समुपदेशन आहे, विचारांवरचं काम आहे, पण कणा आहे दोन जुन्या गोष्टींचा. एक रिचर्ड बूटझिन यांची १९७२ ची, की अंथरूण फक्त झोपेसाठी. दुखणाऱ्या माणसाला हे सगळ्यात जड जातं कारण दुखलं की आपण आडवं होतो, दुपारी आडवं, संध्याकाळी आडवं, मोबाईल बघत आडवं, आणि मग शरीराला अंथरूण म्हणजे जागं राहून दुखणं सोसायची जागा अशी सवय लागते. दिवसा पाठ टेकायची असेल तर टेका, पण दुसरीकडं, आरामखुर्चीत, सोप्यातल्या दिवाणावर. एकाच खोलीचं घर असेल तर आपली जुनी पद्धत उत्तम, सकाळी गादी गुंडाळून ठेवायची, रात्री झोप आल्यावरच अंथरायची. आणि पडल्यावर वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच) तर उठून मंद उजेडात बसायचं, जपमाळ ओढा, वाती वळा, मटार सोला, झोप आली की परत यायचं. वाती वळण्यासारखं काम याला मला फार आवडतं, हात गुंतलेले, डोकं मोकळं, उजेड कमी लागतो.

दुसरी गोष्ट आर्थर स्पीलमन यांची, १९८७ ची. आठवडाभर वहीत लिहायचं की किती वाजता पडले, अंदाजे किती झोपले, किती वाजता उठले. समजा नऊ तास अंथरुणात आणि झोप सहाच तास, तर अंथरुणातला वेळच सहा तासांवर आणायचा. उठायची वेळ पक्की, रविवार असो की दिवाळी, आणि झोपायची वेळ त्यावरून मागं मोजून. पहिले काही दिवस फार जड जातात, खोटं सांगणार नाही, दुखणं पण आधी थोडं वाढल्यासारखं वाटतं. पण मग झोप एकसंध यायला लागते, तुकडे जोडले जातात, आणि अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेतच जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायचं. साडेपाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. फिट्स येणारे, बायपोलरवाले, एसटी-ट्रक चालवणारे, उंचावर काम करणारे यांनी स्वतःच्या मनाने हे करूच नये, डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

यातून काय मिळतं याबद्दल पण सरळ सांगते. जुनं दुखणं असलेल्यांत या उपायाने झोप चांगली सुधारते, दुखणं त्यामानाने थोडंच उतरतं आणि ते पण उशिरा. माझं दुखणं गेलेलं नाही. थंडीत, दगदगीत, लग्नसराईत अजून डोकं वर काढतं. पण सकाळी उठल्या उठल्या अंगात जो ठणका असायचा तो बोथट झालाय, हाताने पोळ्या लाटता येतात, आणि वाईट दिवस आला तरी तो तिथंच थांबतो, त्याचा वाईट आठवडा होत नाही.

काही जणांनी मात्र ऊन आणि चहाच्या आधी डॉक्टर गाठायला हवेत. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं हे असेल तर ते स्लीप ॲप्निया असू शकतं, त्याची झोप कितीही तास घेतली तरी तुकड्यांचीच असते आणि त्याला वेगळी तपासणी लागते, शिवाय अशा माणसाने झोपेची गोळी घेतली तर श्वास आणखी अडकू शकतो. रात्री पडल्यावर पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, अशी तक्रार बायका खूप करतात आणि घरचे म्हणतात पाय चेपून घे, पण त्यात बऱ्याचदा शरीरातलं लोह कमी असतं, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. आणि कमरेबरोबर ताप, वजन उतरणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. चालू गोळ्या कुणीही माझं वाचून बंद करू नका, झोपेच्या आणि नसांच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर उलटतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू.

आणि आता ज्याच्यासाठी मुळात हे लिहायला बसले ते. कोरेगाव, कराड बाजूचे ऊसवाले शेतकरी येतात त्यांची कंबर आणि झोप यांचा मालक तिसराच आहे, तो म्हणजे शेतातल्या पंपाला लागणारी थ्री फेजची लाईट. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची, आळीपाळीने. रात्रीची असली की बाराला, दोनला उठून बॅटरी घेऊन शेतात, गार पाण्यात पाय, वाकून खोऱ्याने दारं धरायची, सापाची भीती, कराड-पाटणकडं बिबट्याची भीती, आणि पहाटे घरी येऊन परत धारा काढायला. "ताई, ह्या आठवड्यात रातची लाईट हाय, दोन पत्ती जास्तच द्या," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चेहरा बघूनच कळतं कुणाकडं रात्रीची पाळी आहे. त्या माणसाला मी वेळेवर झोपा म्हणून काय सांगणार. त्याचं शरीराचं घड्याळ दर काही दिवसांनी उलटंपालटं केलं जातं आणि दुखण्याला मात्र नाव वयाचं आणि मेहनतीचं.

तरी जे जमतं ते सांगते. रात्रीची पाळी असेल तर जायच्या आधी दीड तास झोपून घ्या. ठिबक असेल, मोबाईलवरचा स्टार्टर असेल तर उठणं वाचतं, तो खर्च कमरेच्या औषधाच्या खर्चातच धरा. शेतातून येताना उजाडलं असेल तर टोपी पुढं ओढा, घरी अंधाऱ्या खोलीत सलग झोपा, मध्ये कुणी हाक मारायची नाही असं घरच्यांना सांगून ठेवा, जनावरांचं त्या आठवड्यात दुसऱ्याने बघावं. आणि दिवसाची पाळी लागली की पहिल्या सकाळपासून उजेडात. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या पोरांना पण हेच, आणि शक्य असेल तर फर्स्ट, सेकंड, नाईट अशा क्रमाने पाळ्या मागून घ्या, उलट्या क्रमाने शरीराला जास्त त्रास होतो.

शेतीला दिवसा वीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. तिच्यावर बोलताना सगळे युनिटचे दर, जमिनीचं भाडं, मेगावॅट बोलतात. माझ्या दृष्टीने ती दुखण्यावरची पण योजना आहे. ज्या गावाच्या फीडरला, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या मुख्य लाईनीला, दिवसाची लाईट आली तिथल्या एका दादांना मी विचारलं, कंबर कशी आहे, तर म्हणाले, "दुखती, पन रात सगळी मिळती आता, सकाळी उठून बैलासारखं उभं ऱ्हातोय." ग्रामसभेत विजेचा विषय निघेल तेव्हा बिलाबरोबर झोपेचं पण बोला, आपल्या गावचा फीडर सौरवर कधी येणार ते लेखी विचारा, आणि डॉक्टरकडं कमरेसाठी जाल तेव्हा सोबत आठवडाभराची झोपेची वही आणि रात्रीच्या पाळीचे दिवस लिहून न्या.